भाऊजींचा उघडा चेहरा

शेवटचं भेटलो तेव्हा जयवंत भाऊजींनी मला पाहताच तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढला. ताई ओरडली. ते म्हणाले, "अगं, दिसू दे तोंड. माणूस भेटाया आला हाय…" त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. भाऊजी गेले.

मूळचे दातिवऱ्याचे भाऊजी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आगी विझवायचे. रसायनांचा धूर छातीत साठत गेला आणि पुढेपुढे अंगणातल्या नळापर्यंत जातानाही त्यांना धाप लागायची. हा आजार नोकरीनेच दिला, म्हणून आम्ही भरपाईचा दावा लावला. ताईचं पुढचं सगळं आयुष्य त्यावर अवलंबून होतं. आमच्या वकिलांनी बजावलं होतं, आगीत धुरापासून वाचवणारा मास्क स्वतःहून काढला असं तेवढं म्हणू नका, नाहीतर चूक तुमचीच ठरेल.

पालघरच्या सुनावणीत समोरच्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं. भाऊजी सरळ म्हणाले, "काढायचो ना, साहेब."

मी कपाळावर हात मारला. असा राग आला होता! ते मात्र दम खात बोलत राहिले. "धुरात माणूस कोपऱ्यात लपतो. आमी मास्क घालून गेलो का त्याला भूतच दिसतं… मागं पळतो. तोंड दिसलं का हात देतो. मग मास्क परत चढवायचा."

"असा किती वेळा काढलात?"

"माणसं होती तितक्यांदा."

माझ्या ताटातला तळलेला बोंबील हळूच पळवणारा, पत्त्यांत हरला की रुसून बसणारा हा माणूस विषारी धुरात मुद्दाम तोंड उघडं करत होता, आणि घरात कधी चकार शब्द बोलला नव्हता. ताईच्या लग्नापासून मी त्यांची थट्टा करत आलो. त्या दिवशी मात्र त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. देवासमोर होतं तसं काहीतरी झालं.

निकाल ते गेल्यावर आला. आजार नोकरीतलाच, हे मान्य झालं. अडकलेल्याला बाहेर काढण्यासाठी मास्क उतरवणं हे त्यांचं कामच होतं, असं त्यात म्हटलंय. जे लपवायचं ठरलं होतं, त्यावरच दावा टिकला.

त्यांचा ऑक्सिजनचा मास्क पलंगाच्या दांडीला अजून लटकतोय. परवा हातात घेतला. पट्टा पार सैल झालाय.

ताई म्हणाली, "नवाच आणलेला रे. आल्यागेल्याला तोंड दाखवून दाखवून ढिला केला त्यांनी…"