मामांचं पुस्तक आणि माझं अपग्रेड

माझ्या सासऱ्यांनी अडीच वर्षं खपून लिहिलेलं आत्मचरित्र मी एका दुपारी, आमरसाचा हात नीट न धुता, पुसून टाकलं.

यात दोष कुणाचा, असं सासरी कुणी विचारलं नाही. (तीच तर खरी शिक्षा होती. जावयाला कुणी काही बोलत नाही हो! फक्त वाढत राहतात.)

सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. मामा शेवगावला गुरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं मदतनीस होते. डॉक्टर सुई द्यायचे, मामा म्हैस धरायचे. डॉक्टर बदलून जायचे, म्हशी आणि मामा तिथेच. निवृत्त झाल्यावर काही वर्षं त्यांनी ओट्यावर बसून काढली आणि मग एक दिवस कॉम्प्युटरपुढे बसून एका बोटानं आत्मचरित्र लिहायला घेतलं. नाव, ‘शेपटीकडून पाहिलेलं जग’. रोज पाच-सहा ओळी. संध्याकाळी त्या ओळी मामींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मोठ्यानं वाचून दाखवायच्या. मामी भाजी निवडत ऐकायच्या. असं करत करत एकशे शहाऐंशी पानं झाली होती. येत्या महिन्यात मामांना पंचाहत्तर पूर्ण होणार, त्या दिवशी पुस्तक हातात हवं होतं. मला फक्त ते पेनड्राइव्हमध्ये घालून नगरच्या छापखान्यात पोचवायचं होतं.

फक्त एवढंच.

पण यंदा आला अधिक महिना! अधिकात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे ही रीत. तीन वर्षांतून एकदा येणारा हा जावयाचा पोळाच म्हणा ना. त्याला ओवाळतात, सजवतात आणि पोट फुटेस्तोवर चारतात. तर मी आणि मनीषा, माझी बायको, भर उन्हाचं नगरहून शेवगावला पोचलो. चार धोंडे, तीन वाट्या आमरस, वर कुरडया. मी पाटावरून उठलो तो भिंतीला धरून.

“पाव्हणं,” मामा म्हणाले, “त्या कॉम्प्युटरचं काय ते बघा बरं. रोज इचारतंय, नवीन करू का, नवीन करू का. मी म्हनतो, थांब बाबा. आमचं जावई येऊ दे.”

आता इथे माझी खरी ओळख करून देणं भाग आहे. मी नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. आलेले नटबोल्ट कॉम्प्युटरवर चढवतो. बस्स! पण सासरी माझी ख्याती ‘दाजी कॉम्प्युटरमधले हायेत’ अशी झालेली, आणि चौदा वर्षांत ती मोडून काढावी असं मला एकदाही वाटलं नाही.

“त्यात काय एवढं?” मी म्हणालो आणि ‘होय’ दाबलं.

मनीषा कानाशी येऊन पुटपुटली, “अहो, तुम्ही आपल्या घरचा कधी केलाय का?”

“सगळे सारखेच असतात गं.”

दोन तास पडद्यावर टक्के चढत होते. मध्ये कॉम्प्युटर तीनदा बंद पडून आपोआप सुरू झाला. दरवेळी मी “हां, आता बरोबर” असं म्हणत होतो. (काय बरोबर, ते मला माहीत नव्हतं.) शेवटी पडदा उजळला! सगळं चकचकीत. खालची बटणं कोपऱ्यातून उठून मधोमध येऊन बसलेली आणि मामांच्या प्रत्येक फाइलीशेजारी एक इवलासा ढग.

“हे काय उगवलं?” मामांनी विचारलं.

“क्लाउड, मामा. म्हणजे तुमच्या सगळ्या फायली आता आपोआप वर जाऊन बसणार. इथं कॉम्प्युटर जळाला तरी वर सगळं शाबूत.”

“मी तर न्हाई सांगितलं त्याला.”

“ते न सांगताच करतं.”

“आसं व्हय,” मामा म्हणाले, पण त्यांचा चेहरा काही पटल्यासारखा दिसेना.

पाच मिनिटांत लाल फुली आली. वर जागा संपली म्हणे! संपेल नाही तर काय? मामांच्या कॉम्प्युटरवर शुभ सकाळचे हजारो गुलाब आणि म्हशींचे व्हिडिओ होते. ते सगळं सामान त्यानं कुणाला न विचारता वर चढवायला घेतलेलं. पुस्तक बिचारं त्या गर्दीत कुठेतरी वर जाऊन बसलेलं.

इथे मी डोकं चालवलं. (हे वाक्य आमच्या घरात अजून कुणी उच्चारलं तर मनीषा हसून हसून लोळते.) मी म्हटलं, वरचं सगळं काढून टाकू, खालचं तर आपल्याकडे आहेच. वर गेलो, सगळं निवडलं, पुसलं. लाल फुली गेली! त्याच उत्साहात कॉम्प्युटरवरची कचऱ्याची टोपलीही रिकामी करून टाकली.

“झालं मामा! मोकळं!”

मामा चष्मा पुसून पुढे वाकले. “पाव्हणं, माझी म्हस कुठं गेली?”

पडद्यावरच्या चित्रातली म्हैस तेवढी गेली असती तर मी नवस फेडला असता. पडदाच निर्मनुष्य झाला होता. वरचं आणि खालचं एकच असतं, वरून काढलं की खालूनही जातं, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं.

“पुस्तक?” मामांनी हळूच विचारलं.

मी रिकामी टोपली उघडून दाखवली. मामा उठून ओट्यावर जाऊन बसले. मामी स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि माझ्या हातात आमरसाची चौथी वाटी दिली.

“घ्या पाव्हणं. होतंय आसं.”

एखादी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं हो!

तेवढ्यात मनीषाला आठवलं. “पुष्पाच्या फोनात आहे की! चुका काढायला दिलं होतं तिला आप्पांनी.” (मामांना मुली आप्पा म्हणतात.) पुष्पा म्हणजे माझी मेहुणी, पुणतांब्याला असते. मामांचं अकाऊंट आणि त्यातलं पुस्तक मीच तिच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. आणि दिवसा बॅटरी वाचवायला ती नेट बंद ठेवते. नेट चालू झालं की वरून पुसलेलं तिथूनही जाणार, म्हणजे नेट बंद असेतो तिच्या फोनातलं पुस्तक जिवंत! मी लगेच फोन लावला.

“पुष्पा, नीट ऐक. तुझ्या फोनचं नेट चालू करू नकोस.”

“का हो दाजी? काय झालं? आप्पांना काही झालं का?”

“नाही नाही, ते ठीक आहेत, तू फक्त नेट...”

“मग आवाज का असा येतोय तुमचा? मला खरं सांगा! थांबा, मी व्हिडिओ कॉलच करते, आप्पांना बघितल्याशिवाय मला चैन नाही पडायचं.”

“नको! पुष्पा, नको!”

फोन कट झाला. दुसऱ्या मिनिटाला व्हिडिओ कॉल आला. पुष्पा छान स्पष्ट दिसत होती. मामा ओट्यावर सुखरूप आहेत हे तिनं डोळे भरून पाहिलं आणि मग माझ्या सांगण्यावरून फोनात पुस्तक शोधलं. पुस्तक गेलेलं होतं.

मला रडू यायचं बाकी होतं. मी ओट्यावर मामांजवळ जाऊन बसलो. ते म्हणाले, “सातवी शिकलोय मी, पाव्हणं. जनमभर जनावरं धरली. वाटलं हुतं, नातवंडांनी म्हनावं, आमच्या आज्यानं एक पुस्तक केलं.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडून मोकळा झालो असतो.

मागून मामी म्हणाल्या, “एवढं काय त्यात? मला तोंडपाठ हाय की सगळं.”

आम्ही दोघं वळलो.

“अडीच वरीस रोज ऐकतीय. मधी दोनदा तेच तेच. पाव्हणं, ऱ्हावा की आठ दिस. मी सांगते, तुमी लिवा.”

‘राहा की’ असं आर्जवानं म्हटलेली ती सक्तमजुरीच होती. मी साहेबांना रजेसाठी फोन केला.

“कारण?”

“साहेब, सासऱ्यांचं आत्मचरित्र लिहितोय.”

“अरेरे. कधी वारले?”

“नाही साहेब, समोरच बसलेत.”

दुसऱ्या दिवसापासून मामी सांगू लागल्या, मी टाइप करू लागलो आणि मामा शेजारी खुर्ची टाकून बसले. पहिल्याच प्रकरणात भडका उडाला. प्रकरण बोधेगावच्या म्हशीचं. म्हैस विहिरीत पडते, मामा जिवाची पर्वा न करता उडी घेतात, दोर बांधतात, गाव टाळ्या वाजवतं.

“उडी कुठली?” मामी म्हणाल्या. “काठावर हुता तुमी. म्हशीनं ढुशी दिली. दोघं पडला. गावानं आदी म्हस काढली, मग तुमाला.”

“अगं, पन लिवताना...”

“लिवताना काय? मी तवा दोर धरून हुते. पाव्हणं, लिवा तुमी.”

मी कुणाचं ऐकू? बोटं हवेत धरून बसलो. मामा लालेलाल झाले, उठले, अंगणात दोन फेऱ्या मारून आले. आणि मग त्यांना एकदम हसूच फुटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी आलं. “म्हस वर आली आन् माझ्याकडं बघत हुती,” ते हसत म्हणाले, “हे बी लिवा पाव्हणं. मी लिवलंच न्हवतं.”

त्यानंतर पुस्तक नुसतं धावलं. मामी एक सांगायच्या, त्यावरून मामांना लपवलेल्या चार गोष्टी आठवायच्या. रेड्याला भिऊन तालुक्याच्या सभापतींच्या गाडीत लपल्याचं आलं. नव्या नवरीला, म्हणजे मामींना, पहिल्या भेटीत गुरांच्या मलमाची डबी दिल्याचं आलं. (“पायाच्या भेगा गेल्या की न्हाई?” “गेल्या की.”) दिवसभर दोघं भांडायची आणि हसायची. मनीषा दारात उभी राहून ऐकत राहायची. तिनं आईबापांना असं बोलताना कधी पाहिलंच नव्हतं म्हणे.

सातव्या दिवशी पुष्पा आली. आल्या आल्या तिनं मामांचा ईमेल उघडला आणि किंचाळली.

“दाजी! हे पत्र नाही पाहिलं का तुम्ही?”

पत्र धोंड्याच्या दिवसाचं, दुपारचंच होतं. ‘तुमच्या पुष्कळ फायली एकदम पुसल्या गेल्या आहेत. चुकून झालं असेल तर काळजी नसावी, वरच्या कचराटोपलीत तीस दिवस जपून ठेवल्या आहेत.’

मी खालची टोपली ओतून आलो होतो. वर दुसरी असते, हे मला कुणी सांगावं!

“ते येडं रोजच पत्र धाडतंय,” मामा म्हणाले. “मी उघडतच न्हाई.”

पुष्पानं एक बटण दाबलं. एकशे शहाऐंशी पानं, हजारो गुलाब आणि म्हैस, सगळं जसंच्या तसं परत! सात दिवस माझी बोटं सुजली होती. आणि आता कॉम्प्युटर विचारत होता, या नावाची फाइल आधीच आहे, जुनी ठेवू की नवी?

सगळे मामांकडे बघू लागले. त्यांनी जुनं पहिलं पान वाचलं. नवं वाचलं. मामी खाली बघून शेंगा फोडत होत्या, पण हात थांबला होता.

“जुन्यात मी लई शूर हाय,” मामा म्हणाले. मग मामींकडे बघून, “पन नव्यात आपुन दोघं हाये. नवं ठिवा.”

मामींनी शेंगांचं सूप उचललं आणि आत गेल्या. पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला.

नगरला परत निघायच्या आधी मामा म्हणाले, “पाव्हणं, एक आभाराचं पान ऱ्हायलं. लिवता का?” मी सरसावून बसलो. सात दिवस राबलो होतो, नाव येणारच होतं. मामा घसा खाकरून सांगू लागले, “आमच्या जावयांचे विशेष आभार. त्यांनी हात लावला नसता, तर हे पुस्तक आठ दिवस आधी निघालं असतं...”

मी टाइप करत होतो.

“...आन् निम्मं खोटं निघालं असतं.”

मी निमूटपणे पूर्णविराम दिला. माझं बोट सेव्हच्या बटणाकडे वळलं, तोच मामींनी माझा हात अलगद बाजूला केला, त्यात पाचवी आमरसाची वाटी ठेवली आणि बटण स्वतः दाबलं.