मानेपुरता उरलेला जिराफ

शुभदा वेळेवर आली नाही म्हणून मी चिडले होते. मनपाच्या थांब्यावर वाघोलीच्या बसची वाट बघत उभी होते आणि ती आली की तिला काय काय सुनवायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव चालली होती. दर गुरुवारी हेच व्हायचं. मी कोथरूडहून दोन बस बदलून आधी पोचायचे आणि ही शनिवार पेठेतून रमतगमत चालत यायची, वर म्हणायची, "तू लवकर आलीस, त्याला मी काय करू?" बस आली आणि गेली. मग फोन वाजला. नाव तिचंच होतं, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "अगं, आहेस कुठे?" पलीकडे तिची भाची होती. "मावशी... शुभदामावशी आज उठलीच नाही गं." मी नुसतं "बरं" म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. पुढची बस आली तेव्हा त्या बसमध्ये चढायचं नाही हे कळायलासुद्धा मला थोडा वेळ लागला.

त्यानंतर शोकसभा झाली. शुभदाला ज्या शब्दांचा तिटकारा होता ते सगळे तिथे तासाभरात वापरून झाले. ज्ञानाचा दिवा झाला, वंचितांची माउली झाली. मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला दोनदा हसू आलं. ती असती तर कोपराने ढोसून म्हणाली असती, "दमले बाई. चल." हे तिचं पालुपद. दमले म्हणून थांबायचं, हे तुम्हाआम्हाला सुचतं. तिचं दमणं आणि तिचं चालणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता.

आम्ही दोघी पेठेतल्या एकाच शाळेत शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर मी झाडं लावली आणि तिने संस्था काढली, आपल्याच घराच्या पुढच्या खोलीत. माझी झाडं वाळली तेव्हा तिने मलाही ओढलं. शहराच्या कडेला इमारती उठतात, त्यांच्या पायाशी पत्र्याच्या खोल्या उठतात आणि त्या खोल्यांमधली मुलं जवळच्या सरकारी शाळेत येतात. कोणी वाशिमचं, कोणी यवतमाळचं, कोणी थेट बिहारचं. काम संपलं की आईबाप उठून पुढच्या साइटवर जातात आणि मूल अर्ध्या धड्यावरून नाहीसं होतं. अशा शाळांमधल्या बाईंच्या हाताखाली आपण उभं राहायचं, वेगळे वर्ग काढायचे नाहीत, असा शुभदाचा बेत होता. बेत चांगलाच होता. आमच्याकडून तो नेमका पहिल्याच शाळेत मोडला.

वाघोलीच्या कडेच्या त्या शाळेत आम्ही शिरलो तेव्हा दिवाळीची सुट्टी होती. मुख्याध्यापकांनी आनंदाने किल्ली दिली. एका वर्गात जमिनीपासून मुलांच्या खांद्याइतक्या उंचीचा एक काळपट पट्टा चारही भिंतींना फिरलेला होता, करडा पडलेला, त्यावर खडूच्या अर्धवट पुसट रेघोट्या. आम्हाला वाटलं, ओल आणि मळ. भिंती बोलक्या करायचा तो काळ होता आणि एका कंपनीतली उत्साही मुलं रंगाचे डबे घेऊन हजर होती. आम्ही पट्टा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला आणि त्यावर जंगल काढलं. दाराजवळचा पिवळाधमक जिराफ शुभदाने स्वतः रंगवला. त्याचे पाय जमिनीला आणि डोकं जवळजवळ छताला. "मॅम, सॉलिड दिसतोय," एक पोरगा म्हणाला आणि शुभदा लाजली. त्या जिराफाचा फोटो पुढे आमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला. सगळ्यांनी त्याचं फार कौतुक केलं.

सुट्टी संपली आणि त्या वर्गाच्या शेळके बाई गावाहून परत आल्या. तो काळा पट्टा म्हणजे बाईंचा तळफळा होता, मुलांना लिहायला भिंतीच्या तळाशी केलेला फळा. त्यांनी स्वतः गुडघ्यांवर बसून रंगवलेला. त्यात प्रत्येक मुलाचा एक चौकोन होता, त्याच्या नावाचा. मुलं भिंतीकडे तोंड करून आपापल्या चौकोनात लिहायची आणि बाई मधोमध उभ्या राहून नुसती नजर फिरवली तरी कोण कुठे अडलंय ते त्यांना दिसायचं. सुट्टी लागताना शेवटच्या दिवशीचं लिखाण त्या कधी पुसू द्यायच्या नाहीत. परत आलेल्या मुलाला आपण कुठे होतो ते भिंतीवर सापडायचं. जी नेहमी हलत असतात, त्या मुलांसाठी ती एक जागा होती जी हलत नव्हती. आम्ही ती फडक्याने पुसली होती.

शुभदा माफी मागायला गेली तेव्हा मी बरोबर होते. शेळके बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चित्रं छान आहेत," त्या म्हणाल्या, "मुलं दिवसभर त्यांच्याकडेच बघतात. लिहायचं कुठे तेवढं फक्त सांगून जा." आत्ताच्या आत्ता काळा रंग आणून देते, असं शुभदा म्हणाली. त्यावर बाई म्हणाल्या, "नको. आता माझ्या भिंतीला हात लावू नका तुम्ही." आणि त्या वर्गात गेल्या.

शुभदाच्या जागी दुसरं कोणी असतं तर दुसरी शाळा बघितली असती. शाळांना काय तोटा होता? आमच्या विश्वस्तांनी तेच सुचवलं. पण पुढच्या गुरुवारी ही बाई पुन्हा वाघोलीला गेली आणि त्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पायरीवर बसली. तिच्या पुढच्या गुरुवारीही, आणि सोबतीला मी. मला वाटलं, हट्ट आहे, चार दिवसांनी उतरेल. मी तिला स्पष्ट विचारलं, "काय मिळवायचंय तुला?" ती म्हणाली, "बाईंनी आत बोलवायला हवं. त्यांनी बोलावल्याशिवाय आपण कुठल्याही वर्गात पाऊल टाकलं तर आपण नुसते रंगारी." हाच मग संस्थेचा नियम झाला. बाकीच्या शाळांमध्ये बाई महिन्याभरात बोलवायच्या, चहासुद्धा द्यायच्या. शेळके बाई मात्र जाता-येता तिच्याकडे बघायच्या, मान हलवायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि शुभदा पायरीवरच. आपल्याला कोणी हवं म्हणावं यासाठी माणसाने इतकं झिजावं का, असं मला वाटायचं आणि खरं सांगायचं तर तिचा रागही यायचा. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपायची. चेहरा अगदी उतरलेला असायचा.

मग एका गुरुवारी शेळके बाई दारात आल्या. हातात काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. "ताई, जिराफ तुमचा आहे. तुम्हीच मिटवा," एवढंच म्हणाल्या. शुभदा उठली. पाय आखडले होते, भिंतीला धरून उठली. खालपासून तिने रंग द्यायला सुरुवात केली. पाय गेले, पोट गेलं, तशी मुलं ओरडायला लागली, कारण एवढ्या दिवसांत त्यांना तो जिराफ आवडायला लागला होता. शेवटी पट्ट्याच्या वरचं तेवढं राहू द्या, असं बाईंनी सांगितलं. म्हणून आजही त्या वर्गात काळ्या पट्ट्यातून एक लांब मान बाहेर येते आणि वरून सगळ्यांच्या वह्यांत डोकावते. चारही भिंतींवरचा पट्टा पुन्हा काळा झाल्यावर बाईंनी नव्याने चौकोन आखले आणि दाराजवळचा, जिराफाच्या पायांवरचा चौकोन शुभदाला दिला. "इथे नुसतं बघत बसायची सोय नाही," त्या म्हणाल्या, "बसायचं तर लिहायला लागतं." तेव्हापासून दर गुरुवारी शुभदा मुलांच्या ओळीत बसून मुलांचं गणित करायची. मी दारातून बघायचे, तिचा भागाकार वाकडा उतरायचा आणि शेजारची पोरं तो सरळ करून द्यायची. परतीच्या बसमध्ये मी तिला तेव्हाच पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

ती गेल्यावर आम्ही उरलेले चौघेजण तिच्याच खोलीत बसलो आणि संस्था आवरती घ्यावी असं ठरवलं. कोणाचे गुडघे, कोणाचा रक्तदाब. माझ्यात तर काही करायचीच ताकद उरली नव्हती. बाकीच्या शाळांना फोनवर कळवलं. शेळके बाईंना ती गेल्याचं कळलं होतं, पण संस्थेचं मात्र समोर जाऊन सांगायचं असं मी ठरवलं आणि त्यात माझा थोडा स्वार्थ होता. बाई शेवटचं लिखाण पुसू देत नाहीत, हे मला माहीत होतं. तिचा वाकडा भागाकार एकदा बघावा, एवढंच मनात होतं.

मी दारात थांबले. बाईंनी "या" म्हटलं. मी आधी खाली बघितलं. तिच्या चौकोनात एक मुलगी बसली होती, दोन वेण्या, नव्या गणवेशावर घडीच्या रेघा अजून तशाच. चौकोनावर दुसरंच नाव होतं आणि ती त्यात बाराखडी काढत होती.  इतक्यात दिली जागा? बाईंना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "वाशिमची आहे. मधेच आली, दुसरा चौकोन रिकामा नव्हता. तीन दिवस मी तिला हातात पाटी दिली. ताईंचं पुसायला माझा हात होईना... शेवटी तिनंच पुसलं. तिला काय माहीत कोणाचं आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "ताईंनीच पुसलं असतं, आधीच."

 मुलीने माझ्याकडे वर बघितलं, जरा सरकली आणि म्हणाली, "बसा ना, जागा हाय." मी भिंत धरून खाली बसले. जवळून बघितलं तेव्हा चौकोनाच्या तळाशी काळ्या रंगाखालून एक पिवळा खूर दिसला. शुभदाचा ब्रश तिथपर्यंत नीट पोचला नव्हता, की तिने तेवढा राहू दिला होता, ते विचारायला आता ती नाही. मुलीने मला खडू दिला आणि मी 'क'ची बाराखडी काढली. मुलीने ती तपासली.

शाळा सुटली तरी जे सांगायला आले होते ते माझ्या तोंडून निघेना. शेळके बाई कुलूप लावत होत्या. "पुढच्या गुरुवारी?" त्यांनी विचारलं.

"दमलेय हो मी, बाई," मी म्हटलं.

"त्यासुद्धा दमूनच यायच्या," बाई म्हणाल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली.