कथलाचा डाख

माझ्या बायकोला वाटायचं, माझं सगळं तिला माहीत आहे. मीही तिला तसंच वाटू दिलं. पण एक गोष्ट तिला कधी सांगितली नाही. भावाला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडून उभा राहायचो तेव्हासुद्धा मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत राहायचो, म्हणजे ती गोष्ट तोंडावर यायला जागाच उरू नये. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. येईल ना? पाहतो.

चांद्याला माझं दुकान होतं. त्या काळी आम्ही सगळे चंद्रपूरला चांदाच म्हणायचो. कंदील, गॅसबत्त्या, स्टोव्ह असलं काही बिघडलं की लोक माझ्याकडे यायचे. इंग्रज साहेब जाऊन चार-सहा वर्षं झाली होती, पण त्यांच्या वस्तू मागे राहिल्या होत्या, जंगलातल्या बंगल्यांमधून लिलावात निघून कुणाकुणाच्या घरी पोचलेल्या. त्यात घासलेटवर चालणाऱ्या शेगड्याही असायच्या. स्वयंपाकाच्या नव्हेत, खोली उबदार ठेवायच्या. कमरेइतकं उंच पत्र्याचं नळकांडं, खाली तेलाची टाकी, मधे गोल वात, वर जाळीची टोपी. या शेगड्यांचे सुटे भाग विलायतेहून यायचे ते बंद झाले. मग मी ते स्वतःच बनवायला लागलो. वातीसाठी जाड सुती पट्टा विणून घ्यायचो. ज्योत दिसायला नळकांड्याला खिडकी असते, तिच्यासाठी अभ्रक कापायचो. वात धरणारी नळी जुन्या पितळी भांड्याच्या पत्र्यातून वळायचो. बसवलं की शेगडी पुन्हा निळी पेटायची, आणि लोक म्हणायचे, ह्या माणसाच्या हातात काहीतरी आहे बापा. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून एक गाव आहे. नाव नको. तिथं एक लहान दवाखाना होता, दोन खोल्यांचा. त्यातली एक बाळंतिणींची. झाडीपट्टीतला हिवाळा तुम्हाला ठाऊक असेल-नसेल. धान कापून झालं की तलावावरून धुकं उठतं आणि पार दवाखान्याच्या खाटेपर्यंत येतं. नुकतं जन्मलेलं मूल अशा गारठ्यात हातातल्या हातात थंड पडतं. म्हणून एका जंगल-ठेकेदारानं लिलावातली शेगडी त्या दवाखान्याला दिली होती. शेगडी चांगली होती, पण वातीची नळी टाकीला जिथं जोडते तो भाग सडून गेला होता. डॉक्टरसाहेब ती घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्याबरोबर सरजाबाई होती. मोटारीत शेगडीला धक्का लागू नये म्हणून ती अख्खी वाट मांडीवर घेऊन बसली होती.

सरजाबाई ढिवराची. नवरा तलावात मासे धरायचा, तो वारला होता. सुईणपण ती सासूकडून शिकली होती, आणि डॉक्टरांनी तिला पगारावर दवाखान्यात ठेवलं होतं. आसपासच्या गावांत तिच्या हातात न आलेलं मूल शोधावं लागलं असतं. दुकानात येऊन तिनं शेगडी खाली ठेवली आणि मला विचारलं,

“भाऊ, हे पेटंल ना? तिकडं लेकरं गारठून राह्यली.”

“पेटंल म्हंजे काय बाई!” मी म्हणालो. “विलायतेहून नवी आणली तरी अशी पेटणार नाई.”

अशी भाषा होती माझी.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल. दोन पत्रे जोडायला डाख देतात. कथलाचा डाख सोपा — पटकन वितळतो, पटकन बसतो. पण तो तापला की पुन्हा वितळतो. म्हणून जिथं ज्योत जवळ असते तिथं पितळी डाखच द्यायचा असतो. हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकतात. मला ते माहीत होतं. पुढं मी काहीही सांगितलं तरी तेवढं लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

मी पितळी डाख द्यायला बसलो. त्याला आग मोठी लागते. टाकीचा पत्रा पातळ होता, तो वाकला. नवी टाकी बनवली, तिला भोक पडलं. आमच्याच गल्लीत एक म्हातारे तांबट होते. त्यांच्याकडेच मी काम शिकलो होतो. त्यांनी ते काम बसल्या बसल्या करून दिलं असतं. पण त्यांच्याशी माझं बोलणं नव्हतं. तुमच्याजवळ शिकण्यासारखं आता काही उरलं नाही, असं मी त्यांना चार माणसांत सुनावून बाहेर पडलो होतो. आता कोणत्या तोंडानं जायचं? तोंड तेच होतं, गेलो असतो तर काय झालं असतं? म्हातारा हसला असता. बस, एवढंच. हसला असता.

मी गेलो नाही. मी कथलाचा डाख दिला. सुरेख बसला, अगदी सफाईदार. मग त्याच्यावर मी काळा रंग चढवला. पितळ असतं तर रंग दिला असता का? नाही. पितळ मी मिरवलं असतं.

डॉक्टर न्यायला आले तेव्हा शेगडी दुकानापुढं पेटवून दाखवली. माणसं जमली. ज्योत निळी, वास नाही, धूर नाही. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, असा कारागीर नागपुरातही मिळायचा नाही. मी मान खाली घातली, नम्रपणे. आणि मनात म्हणालो, टिकेल. निदान हा हिवाळा टिकेल. पण खरं सांगा, ज्याला खात्री असते तो ‘टिकेल’ असं मनात म्हणत बसतो का?

पुढचं मी पाहिलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते सांगतो. सकाळ होती. दाट धुकं, सूर्य असून नसल्यासारखा. बाळंतिणींच्या खोलीत एक पोरगी होती, पहिलटकरीण, कुशीत मूल. थंडी फार म्हणून शेगडी पहाटेपासून पेटती होती. खालून एकदम भडका उठला. शेगडी खाटेच्या आणि दाराच्या मधे. पोरीला उठवत नव्हतं. सरजाबाई आतच होती. तिनं ती पेटती शेगडी दोन्ही हातांनी उचलली, दारातून बाहेर नेली आणि अंगणात नेऊन टाकली. मधे सोडली नाही. सोडली असती तर खोली गेली असती. पोरगी वाचली, मूल वाचलं. सरजाबाईचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजून निघाले.

डॉक्टर ती जळकी शेगडी घेऊन माझ्याकडे आले. वरून विचारणा झाली होती. दवाखान्यात आग लागलीच कशी, याचं उत्तर त्यांना द्यायचं होतं. मी शेगडी उलटी केली. काळा रंग जळून गेला होता. सांधा उघडा पडला होता आणि टाकीच्या कडेला कथलाचे थेंब ओघळून गोठले होते, ज्वारीच्या दाण्यांएवढे. डॉक्टर समोरच उभे होते. त्यांनाही ते दिसत होतं. पण ते डॉक्टर होते, त्यांना त्यातलं काय कळणार? कळणारा माणूस तिथं एकच होता.

“काय झालं असेल?” त्यांनी विचारलं.

बोलायला किती वेळ लागतो? सांधा सुटला, साहेब, चूक माझी. एवढंच म्हणायचं होतं.

“पेटत्या शेगडीत तेल ओतलं असेल,” मी म्हणालो. आणि वर हेही म्हणालो, “बायकांना घाई असते.” हे दुसरं वाक्य तर मला कुणी विचारलंही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, “ती तर सांगते, आधी तेल भरलं आणि मग पेटवली.”

“घाबरलेल्या माणसाला काय आठवते, साहेब?”

त्यांनी मान हलवली. वाईट वाटलं त्यांना, दिसत होतं. पण वाक्य त्यांनी घेतलं. शेगडी माझ्याकडेच ठेवून गेले. ते गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि ती नळी, तो सांधा, ते थेंब — सगळं भट्टीत घातलं. कथील वाया जाऊ दिलं नाही. पुढं दुसऱ्यांच्या कंदिलांना वापरलं.

सरजाबाईला दवाखान्यातून काढलं. गावांतून तिला बोलावणी येईनाशी झाली. एक तर बोटं आखडून गेली होती, आणि दुसरं म्हणजे लोक म्हणायचे, निष्काळजी बाई, जळत्या शेगडीत तेल ओतलं म्हणे. माझ्या दुकानात येऊन, मलाच सांगायचे. माझंच वाक्य, अनोळखी माणसांच्या तोंडून. कुणी कुणी तर आणखी मीठमसाला लावलेलं. आणि मी? मी हातातलं काम न थांबवता म्हणायचो, हो, मीही ऐकलं.

जाता आलं नसतं का? मोटार जायची त्या बाजूला. कितीदा वाटलं, उद्या जाऊ. उद्या म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे.

मग एकदा कामासाठी गोंडपिपरीला गेलो होतो. बाजाराचा दिवस. शिंगाड्यांच्या ढिगामागं ती बसलेली दिसली. मोजून देत होती तिची सून. ती नुसती हाका मारून गिऱ्हाईक बोलवत होती, हात लुगड्याच्या पदराखाली. मी वळलो, पण तिनं पाहिलं होतं. ती उठून माझ्यामागं आली.

“भाऊ, वळखलं नाई का मले?”

ओळखलं म्हणालो.

“किती दिसाचं मनात होतं, तुमाले भेटाव म्हणून. पण चांद्याले येणं होत नाई.” ती थांबली. मला वाटलं, आता. आता ही बोलणार. खरंच सांगतो, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. तिनं चारचौघांत मला शिव्या द्याव्या, असं वाटलं.

ती म्हणाली, “तुमी येवढ्या मेहनतीनं बनवलं, अन् मी जाळून टाकलं. तुमच्या दुकानाले बट्टा लागला असंल माह्यापायी.”

 तीच बोलत राहिली.

“पहिले मले वाटे, मी तेल आधीच टाकलं होतं. डोळ्यासमोर दिसे ना भाऊ — तेल टाकलं, डबा कोपऱ्यात ठेवला, मंग काडी लावली. पण डॉक्टरसायब म्हणे, तुमी असं असं सांगतलं. तुमाले त्यातलं समजते. मंग माह्यं मनच म्हणाले लागलं, टाकलं असंल बापा तूनं मागून. आता तं मले तसंच आठवते. पेटत्यात टाकून राह्यली, असंच दिसते.” तिनं पदराखालून हात काढले आणि त्यांच्याकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. “घरची चूल बी सूनच पेटवते आता. मी जवळ जात नाई. भरोसा नाई वाटत या हाताचा. माफी द्या, भाऊ.”

बाजार चालू होता. सून आमच्याकडे पाहत होती. मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे मला नीट आठवतं. आणि त्यातून जे बाहेर आलं ते हे —

“जाऊ द्या बाई. होते असं कोणाच्याही हातून. मी काई मनात नाई ठेवलं.”

ती रडली. समाधानानं रडली. मी तिला माफ केलं होतं ना! तिनं सुनेला हाक मारून माझ्या पिशवीत शिंगाडे भरायला लावले, पैसे घेतले नाहीत. मी ते घेऊन घरी आलो. बायकोनं उकडले. गोड होते. मी खाल्ले.

दुसऱ्या वर्षी कळलं, सरजाबाई तापानं गेली. डॉक्टरांची बदली झाली होती, म्हातारे तांबटही राहिले नव्हते. माझं दुकान पुष्कळ वर्षं चाललं, चांगलं चाललं. लोक मान द्यायचे.

हात तर तिचे मी घेतलेच. पण हातांपेक्षा मला दुसरीच गोष्ट छळते. तिच्याजवळ एक आठवण होती, साफ, खरी. ती मी तिच्याकडून काढून घेतली आणि त्या जागी माझं खोटं ठेवून दिलं, आणि ते तिनं मरेपर्यंत आपलं म्हणून सांभाळलं. तिच्या सुनेलाही तेच माहीत असणार, नातवंडांनाही तेच सांगितलं गेलं असणार. म्हणून निदान एकदा, कुठंतरी, जसं झालं तसं म्हणून ठेवतो.

तिनं तेल आधी टाकलं होतं. डबा कोपऱ्यात ठेवला. मग काडी लावली.