केळीच्या दोरीचा हात

चहा आधी संपवा, नाहीतर हसताना अंगावर सांडेल. कारण आज माझ्या शहाणपणाचं सांगणार आहे!

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. अशाच एका कागदावर वाचलं, की पूर्वी लोक रस्त्याच्या डावीकडून जायचे, कारण तलवारीचा उजवा हात समोरून येणाऱ्याकडे हवा. गोऱ्या साहेबाने तीच रीत आपल्याकडे आणली. अमेरिकेत मात्र मोठाले घोड्यांचे गाडे! गाडीवान बसणार डाव्या घोड्यावर, आणि समोरच्याचं चाक घासू नये म्हणून हाकणार उजवीकडून. झालं! आमच्या पापडी गावात दिसेल त्याला मी हे ऐकवायला लागले.

आणि नेमका माझा धाकटा, सुहास, सात वर्षांनी अमेरिकेहून आला. दुसऱ्याच दिवशी थोरल्या नातवाचा साखरपुडा, नवऱ्या मुलीच्या घरी, कामण गावी. बाकीची मंडळी सकाळीच बसने गेलेली. अंगठी आणि शालू माझ्या आणि थोरल्या सुनेच्या ताब्यात, आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर तापाने आडवा! कळवणार कसं? तेव्हा मोबाइल होते कुणाकडे?

"मी चालवतो की," सुहास म्हणाला.

"तू? उजवीकडून नेशील आणि मुहूर्ताऐवजी दवाखाना दाखवशील!"

मग मी डोकं चालवलं. वाडीत फुलांच्या माळा करायला केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी असतेच. सुहाससमोर उभी राहिले, त्याच्या मनगटाला बांधली. "हा डावा. या बाजूने चालायचं. विसरलास की दोरी बघ."

"आई, पण हा..."

"पण नाही!"

बिचारा विमानातून उतरून धड झोपलाही नव्हता. किल्ली घेऊन गाडीत बसला.

गावातला रस्ता इतका अरुंद, की त्याला बाजूच नव्हत्या. मोठ्या रस्त्याला लागलो मात्र, समोरून एका दूधवाल्याने सायकलसकट गवतात उडी मारली. टेम्पोवाला हॉर्न बडवत आला. मी खिडकीतून ओरडले, "अमेरिकेतून आलास का रे?"

"ओ आजी, मरायचंय का?"

"तूच मर! तलवार कुठल्या हातात धरतात ते तरी ठाऊक आहे का?"

मागे शालू मांडीवर घेऊन बसलेली सून ओरडली, "अहो आई, सगळेच कसे चुकतील?"

"सगळे अडाणी, म्हणून!"

"आई, मला वाटतं..." सुहास.

"सात वर्षं तिकडे राहून तुला वाटायलाही लागलं? दोरी बघ!"

शेवटी एक बस आमच्या नाकासमोर येऊन उभीच राहिली. ड्रायव्हर उतरला. मीही उतरले, सुहासलाही उतरवलं, आणि तलवारीपासून सुरुवात केली. काय वैताग! एवढी साधी गोष्ट किती जणांना समजवायची?

त्याने शांतपणे ऐकलं. "आजी, जेवता कुठल्या हाताने?"

मी हात वर केला.

"आता यांच्या शेजारी उभ्या राहा. तोंड दोघांचं एकाच दिशेला."

राहिले. पाहते तर दोरी पोराच्या जेवायच्या हाताला! समोर उभी राहून मी माझ्या डाव्या हातासमोरचा हात बांधला होता. बसच्या एकेका खिडकीतून दोन-दोन डोकी हसत होती. सुनेनं तोंड शालूत खुपसलं.

"दोरी चांगली आहे, आजी," ड्रायव्हर म्हणाला. "फक्त हाताची सोडा आणि तोंडाला बांधा!"

मुहूर्ताला पाच मिनिटं असताना पोचलो. वाटेत मी अवाक्षर काढलं नाही. तिथेही नाही. शेवटी नवऱ्या मुलीची आई काळजीने सुनेला विचारायला लागली, "आजींना बरं नाहीये का हो?"