डावीकडे जाणारं इंजिन

आमचे भावोजी कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि हे आपल्या टीचभर खोलीत मेण, प्लास्टर आणि बारीक ड्रिल घेऊन कुणाकुणाचं हसू घडवत बसायचे. स्वतः हसण्याच्या बाबतीत मात्र महाचिकट. ताईच्या लग्नात मेव्हणीच्या हक्काने मी त्यांची यथेच्छ थट्टा केली, खदाखदा हसले, तर हा माणूस माझ्या तोंडाकडे निरखून बघत विचारतो काय, तर वरची दाढ दुखते का म्हणून. दुखत होती, ती गोष्ट वेगळी.

आणि त्यांना नाद होता छोट्या आगगाड्यांचा. खेळणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. लोक नवं इंजिन आणलं की रुळावर ठेवून चालवून बघतात, हे आधी स्क्रू काढून उघडून बघायचे. कारखान्याने केलेलं काही म्हणजे काही त्यांना पटायचं नाही. आतली मोटर बदल, पोटात शिशाचा पत्रा भरून वजन वाढव, दातेरी चाकं घासून गुळगुळीत कर, हेच चालायचं. सगळ्यात मोठा दुष्मन म्हणजे आवाज. इंजिन जरा घरघरलं की यांना चैन पडायचं नाही. एकच जुनं काळं इंजिन तेवढं त्यांच्या हातातून निसटलं होतं. ते जात्यासारखं घरघरायचं, आणि दुरुस्त करायचं म्हणता म्हणता राहूनच गेलं होतं.

मग ताईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पाऊलही हळूहळू उचलायला लागली. पण एक विचित्र गोष्ट झाली. तिच्यापुरती डावी बाजू जगातून नाहीशीच झाली. डोळे ठणठणीत, पण डावीकडे काही आहे हेच तिच्या ध्यानात येईना. ताटातलं उजवीकडचं खायची आणि संपलं म्हणून हात धुवायची. चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा आणि वर चौकटीलाच शिव्या. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं की डावीकडे वळून बघायची सवय लागल्याशिवाय हिला एकटीला कधीच सोडता येणार नाही. म्हणून सगळ्यांनी तिच्या डावीकडेच बसायचं आणि तिकडूनच बोलायचं.

मला काही ते जमलं नाही. दोन मिनिटं डावीकडे बसायचे आणि तिसऱ्या मिनिटाला जीव कासावीस होऊन उजवीकडे यायचे. भावोजी मात्र हट्टी. खोलीतलं काम आटोपलं की येऊन डावीकडच्या खुर्चीत बसायचे. त्यांनी काही विचारलं की ताई उजवीकडच्या भिंतीकडे तोंड करून उत्तर द्यायची. एकदा ती माझ्याकडे तक्रार करायला लागली.

"हे हल्ली माझ्याजवळ बसतच नाहीत गं."

हातभर अंतरावर बसला होता तो माणूस. मी तोंड उघडलं तर त्यांनी मानेनेच मला गप्प केलं. उठून समोर आले असते तर ती लगेच खूश झाली असती. पण मग ती वळली कधी असती? मला त्या क्षणी त्यांचा संताप आला होता, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर सरळ रूळ मांडले आणि ताईला मधोमध समोर बसवलं. ते जुनं काळं इंजिन उजवीकडून सोडलं. घरघरत निघालं ते. ताई खुशीत बघत होती. इंजिन मध्यावर आलं, पुढे सटकलं, आणि तिची नजर तिथेच थांबली. गेलं, म्हणाली. कुठे गेलं विचारलं तर म्हणे, संपलं.

भावोजींनी निदान केलं की वेग जास्त आहे, हिच्या नजरेला तेवढं पळता येत नाही. झालं, त्या इंजिनाचं पोट फाडलं गेलं. नवी मोटर आली, पितळेचं जड फिरतं चाक बसलं, म्हणजे वीज क्षणभर तुटली तरी इंजिन अडायला नको. एकेका चाकाला केसासारखी तार जोडून वीज घ्यायची सोय केली. दातेरी चाकं नवी, तेलकट, लोण्यासारखी.

आणि मग त्यांनी मला ते दाखवलं. बाई गं, काय सांगू. मी म्हटलं, हे तर उभंच आहे. ते म्हणाले, टेबलक्लॉथवरच्या फुलाकडे बघ. मी बघत राहिले. फुलाची एक पाकळी चाकाआड गेली. मग दुसरी. इंजिन चालताना दिसतच नव्हतं आणि चाललेलं मात्र होतं, घड्याळातल्या तासकाट्यासारखं. ना धक्का, ना अडखळणं, ना चूं. हाताने केलेली वस्तू इतकी शांत चालू शकते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. टवाळकी करायला आलेली मी तिथेच खिळून उभी राहिले.

ताईने त्याकडे थोडा वेळ बघितलं आणि उजवीकडच्या खिडकीबाहेर बघायला लागली. इंजिन मध्यावर पोचायच्याही आधी.

भावोजींचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात ताईच म्हणाली, "ते घरघरणारं कुठे गेलं? हे कळतच नाही कुठे आहे ते."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर ज्या आवाजाच्या मागे हात धुवून लागले होते, त्या आवाजाचं बोट धरूनच ती वळू शकली असती, आणि तोच त्यांनी मोठ्या कौतुकाने काढून टाकला होता. पण असली माणसं जुना भाग कधी फेकत नाहीत. डबीतून जुनं झिजलेलं दातेरी चाक निघालं. ते नव्या मोटरला बसेना, मग कानस आली. लोकांचे दात नीट बसवण्यात हयात गेलेला माणूस खाली मान घालून एकेक दाता मुद्दाम बिघडवत होता. मध्येच कानाशी धरायचा, मान हलवायचा, पुन्हा घासायचा. मी चहा ठेवला तो तसाच निवला.

इंजिन रुळावर ठेवलं आणि भावोजी जाऊन आपल्या डावीकडच्या खुर्चीत बसले. ते निघालं. तितकंच सावकाश, पण घरघरत. ताईची नजर त्याच्यावर बसली. इंजिन मध्यावर आलं. तिथे तिचे डोळे अडखळले. आवाज मात्र पुढे चालला होता, संथ, न तुटता. तिने मान कलती केली. मग हनुवटी सरकली, थोडीशी, आणखी थोडीशी. एवढ्याशा लोखंडाने माझ्या बहिणीचा अख्खा चेहरा ओढत नेला. मी हात जोडले होते, हे मला नंतर कळलं.

रुळाच्या टोकाला इंजिन थांबलं, भावोजींच्या हाताजवळ. ताईने तो हात बघितला, मग बाही, मग वर.

"अगंबाई, तुम्ही इथे? कधीपासून बसलाय?"



"आत्ताच आलो," भावोजी म्हणाले.