मोकळ्या मैदानाकडं

धुरपदाबाई स्लॅबखाली झोपत नाही, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. शहर म्हणायचं ते आपलं नगरपंचायत झाली म्हणून. एरवी एक बाजाररस्ता, एक बसस्टँड आणि पाठीमागून वाहणारा ओढा. उमरग्याकडचा मुलूख हा, निम्मी माणसं मराठीत बोलतात आणि कानडीत भांडतात. तिच्या लेकानं, श्रीनाथनं, ढोकीला साखर कारखान्यावर राबून इथं दोन खोल्या बांधल्या, वर स्लॅब टाकला, आईसाठी पंखा लावला. आणि आई? दारापुढं पत्र्याचं शेड ठोकून घेतलं आणि त्यात बाज टाकून पडायला लागली! उन्हाळ्यात भाजून निघायची, पण आत झोपायचं नाव नाही. सून दीपमाला सांगून सांगून थकली.

"आत्याबाई, लोक मला नावं ठिवत्यात. सासूला भाईर टाकलंय म्हणत्यात."

"ठिवू दे की. लोकांच्या डोस्क्यावर पडलंय का छत?" एवढं बोलली की विषय मिटला.

तिच्या माणसांवर पडलं होतं. त्र्याण्णव साली, गणपती बुडवून आल्या रात्री, सास्तूरकडच्या एका खेड्यात. हातभर रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी तेव्हाची घरं. तान्हा श्रीनाथ किरकिर करायला लागला म्हणून ती त्याला घेऊन अंगणात आली, आणि पाठीमागं घरच उरलं नाही. आत नवरा होता, थोरली लेक होती. नखं निघेस्तोवर तिनं दगड उपसले. लेकीचा आवाज दुपारपर्यंत येत होता, मग यायचा थांबला. एवढंच ती सांगायची. पुढचं विचारायची कुणाची छाती नव्हती.

भूकंपानं उठवलेली अशी आणखी काही घरं ओढ्याकाठच्या त्या गल्लीत येऊन राहिली होती. शेजारचा रेवणप्पा त्यातलाच. किराण्याचं दुकान, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. त्याचा सख्खा भाऊ गेला होता त्या रात्री. तर ह्या गल्लीची एक रीत पडली होती. त्या भागात जमीन अधूनमधून अजून गुरगुरते, पोटातनं आवाज काढते. तसा आवाज आला की धुरपदाबाई शेडाच्या दारात उभी राहून ओरडायची, "भाईर निघा रं! मैदानावर चला!" आणि सगळी गल्ली चुलीवरचं चुलीवर टाकून बाजाराच्या मैदानाकडं धावायची. मैदान मोकळं, वर आभाळ, अंगावर पडायला काही नाही. नवी सून गल्लीत आली की आधी तिला मैदानाची वाट दाखवायची, मग पाण्याचा नळ. बाकीचं शहर हसायचं. हसेनात का. धुरपदाबाईच्या शब्दावर गल्लीचा भरवसा होता, आणि तिलाही त्याचा अभिमान होता, का नसावा?

फक्त एक होतं. मैदान ओढ्याच्या काठाला होतं, आणि सगळ्या शहरात सखल होतं.

पूर्वी त्याचं कुणाला काय वाटलं नव्हतं. हा टँकरचा जिल्हा. घागरीला रांगा लावून ज्यांचा जन्म गेला त्यांना पुराचं भय कुठलं? पण गेल्या काही वर्षांत पावसानं सगळा हिशेबच बिघडवला. महिनाभर तोंड दाखवायचा नाही आणि एका रात्रीत वर्षाचं ओतून मोकळा व्हायचा. ओढ्याच्या वरच्या अंगाचा तलाव भरला की तिथल्या लोकांनी दारं उघडायची, आणि खालच्यांना कळायचं ते पाणी उंबऱ्याला लागल्यावर. शेवटी ओढ्यानदीच्या काठच्या गावांनी आणि दोन-तीन शहरांनी मिळून एकच आराखडा करायचं ठरवलं. तलाव कुणाचाही असो, पाणी सोडायच्या आधी खालच्या सगळ्यांना निरोप, सगळीकडं एकसारखा भोंगा, प्रत्येक वस्तीला उंचावरची एक जागा. आपलं शहर त्यात सगळ्यात शेवटी सामील झालं. "आमचं आम्ही बघू" म्हणत दोन पावसाळे घालवले ना आमच्या पुढाऱ्यांनी! मग एकदा बाजारपेठेत कमरेएवढं पाणी आलं, आणि सगळ्यांना एकदम शहाणपण सुचलं.

गल्लीला समजवायचं काम महारुद्रकडं आलं. महारुद्र म्हणजे त्या वॉर्डाचा नगरसेवक. गडी मनानं चांगला, पण बोलायला लागला की आवरायचं नाव नाही. मारुतीच्या पारावर त्यानं बैठक घेतली. भोंगा वाजला की सगळ्यांनी टेकावरच्या शाळेत जायचं, वरच्या मजल्यावर.

"वरनं स्लॅब हाय त्येला," धुरपदाबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

"मावशी, नवीन बांधकाम हाय. भूकंपाला बी टिकंल आसं बांधलंय."

"आमच्या घराला बी मामंजी हेच म्हणायचे. शंभर वर्सं हालायचं न्हाय."

बायकांत चुळबुळ झाली. रेवणप्पानं मान डोलावली, ती धुरपदाबाईकडं बघून. महारुद्रनं कपाळाला हात लावला.

पुढं रंगीत तालीम झाली. जिल्ह्यातून साहेब आले, शेजारच्या गावांचे सरपंच आले, भोंगा वाजला. आणि सगळी गल्ली साहेबांच्या देखत शाळेकडं पाठ करून मैदानाकडं गेली! पुढं धुरपदाबाई, पाठीमागं रेवणप्पा धोतराचा सोगा सावरत, मग पोरंबाळं. महारुद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तो एकटाच शेडात आला. भाषण नाही, काही नाही. बाजेच्या कडेला टेकला.

"मावशी, वरच्या तलावाचं जुळवलं, खालच्या गावाचं जुळवलं, नावा बी आणल्या. एक तुमचं तेवढं जुळंना. तुम्ही आला तर गल्ली येईल. न्हाय आला तर पुराच्या दिवशी म्या कुणाकुणाला हुडकू?"

धुरपदाबाई उठली. चहा केला, त्याला दिला. पण तो गेल्यावर तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात आरोहीला आणायचं निमित्त करून ती शाळेत गेली. कठड्याला धरून जिना चढली. वरच्या वर्गात बाकावर बसली आणि वर बघितलं. झालं! कानात लेकीचा तो दुपारपर्यंतचा आवाज सुरू झाला. कशीबशी खाली आली आणि हापशाजवळ ओकली. घरी कुणाला सांगितलं नाही. स्वतःचाच राग आला तिला. एवढी गल्ली आपल्या तोंडाकडं बघते, आणि आपल्याला एका छताखाली बसवेना! पण महारुद्रला 'येते' म्हणायला जीभ उचलेना, आणि गल्लीला 'मैदानावर जाऊ नका' म्हणायलाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत सप्टेंबर उजाडला.

पाऊस तीन दिवस धरून होता. चौथ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला वरच्या अंगाला एकदम गडगडलं. ढगाचं नव्हतं ते. भांडी थरथरली, शेडाचा पत्रा वाजला. नंतर कळलं की ओढ्यावरचा जुना बंधारा फुटला होता. पण त्या घडीला कुणाला काय ठाऊक? श्रीनाथ ढोकीला कामावर होता. धुरपदाबाईनं आरोहीला काखेत मारलं, दीपमालाला हाक दिली आणि दारात येऊन ओरडली, "भाईर निघा!" पाय सवयीनं मैदानाकडं वळले सुद्धा. गल्ली पाठीमागं निघाली.

गल्लीच्या तोंडाशी ती थबकली. गटाराचं पाणी उलटं येत होतं. मैदानाकडून, लालभडक, काट्याकुट्या घेऊन. तेवढ्यात भोंगा सुरू झाला.

माणसं तिच्या पाठीवर येऊन थांबली. पुढं पाणी, टेकावर शाळा. सगळी तिच्याकडं बघत होती. काखेतली पोर रडायला लागली होती. आणि धुरपदाबाईचं डोकंच फिरलं, कुणावर कोण जाणे, त्या पाण्यावर, त्या जुन्या रात्रीवर, स्वतःवर.

"फिरा माघारी! शाळंत चला! छत पडायचं तर पडू दे मुडदं, चला म्हणते ना!"

ती पुढं झाली. जिना चढताना तिनं वर बघितलंच नाही, पायऱ्या बघितल्या. वरच्या वर्गात जाऊन भिंतीला पाठ लावून बसली, डोळे गच्च मिटले, आरोहीला छातीशी धरलं. पाठोपाठ सगळी गल्ली वर आली, ओलीचिंब, बोचकी घेऊन, कुणाची शेळी, कुणाचा गॅस. महारुद्र धापा टाकत माणसं मोजायला लागला, आणि मोजता मोजता त्याच्या डोळ्याला पाणी आलं. "जमलं मावशी," तो म्हणाला, "समदी आली."

"ह्ये कुठं हायती?" दारातून आवाज आला. रेवणप्पाची बायको जगदेवी होती ती. गुडघ्यानं अधू, दोन पोरांनी उचलून आणलेली. ती वर्गभर बघत होती. "आमचं मालक आलं न्हाईत का?"

कुणी पाहिलं नव्हतं.

"आवाज झाला तसं ह्ये लगीच निगाले, भोंग्याच्या आदीच," जगदेवी धुरपदाबाईच्या पुढ्यात येऊन बसली. "म्या म्हणलं, थांबा, धुरपदाबाईची हाक यू द्या. तर म्हणले, तू सावकाश ये, म्या म्होरं हून जागा धरतो, ती येतीच आता मैदानावर."

खिडकीतून मैदानाकडचं काही दिसत नव्हतं. नुसतं पाणी घोंघावत असलेलं ऐकू येत होतं.

धुरपदाबाईनं डोळे उघडले. आरोहीला दीपमालाच्या मांडीवर दिलं, उठली, आणि जिन्याकडं निघाली. महारुद्रनं दोन्ही हात पसरून दार अडवलं. "मावशी, खाली छातीएवढं पाणी हाय. नाव निगालीय तिकडं. तुम्ही जाऊन काय करणार?"

"सोड मला."

"न्हाय सोडायचं."

"आरं, सोड रं बाबा," तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. "म्या अजून आले न्हाय म्हून त्ये तितंच उभे आसतील!"