किसनभाऊंचा वन्स मोअर

किसनभाऊंवर अन्याय झाला तो १९८६ च्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, आरमोरीजवळच्या आमच्या गावात, नाटकाच्या भर मंडपात. काल शाळेच्या स्नेहसंमेलनात तोंडाला फासायच्या रंगाचा वास आला आणि तो मंडप पुन्हा उभा राहिला.

किसनभाऊ एकाहत्तरच्या लढाईवरून परतलेले. म्हणून मंडळाने शिपायाची भूमिका त्यांनाच दिली. हुकूम पाळून जखमी मित्राला मागे सोडणारा आणि मग वेडा होणारा शिपाई. पहाटे शेवटच्या गाण्यात त्यांनी मित्राला हाक मारली, "ऊठ गा शंकर, घरी चाल." नाटकातल्या मित्राचं नाव दुसरंच होतं.

बायांच्या बाजूला त्यांची बायको सरजूबाई उभी राहिली. "पडदा पाडा गा! शंकर लढाईत खराच मेला. हे नाटक नाई करून राह्यले."

"बस ना वो बाई, काय मस्त रडून राह्यला!" मागून कुणी ओरडलं. मग सगळा मंडप, वन्स मोअर! आमच्याकडे तो कुणी नाकारत नाही. मॅनेजरने पेटीवाल्याला खूण केली आणि किसनभाऊ पुन्हा गुडघ्यांवर बसले, हुकूम मिळाल्यासारखे. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले. तरी टाळ्या. बाहेर धानाच्या बांध्यांवर उजाडत होतं.

तेव्हा वाटलं होतं, केवढा नट! आता फक्त ते ओठ दिसतात. त्यानंतर किसनभाऊ शंकर सोडून कुणाशी बोललेच नाहीत.

मंडई पुन्हा आली आहे. तुम्ही जाल. वन्स मोअर ओरडण्याआधी बायांच्या बाजूला बघा. तिथं कुणी उभं असेल, तर तुम्हीही उभे राहा आणि पडदा पाडायला लावा.